चौदावं पातेलं

१

कोठीच्या खोलीत चौऱ्याण्णव भांडी होती. एकोणीस ताटं, एकतीस वाट्या, आठ तांबे, वीस फुलपात्री, दोन पराती आणि चौदा पातेली. शिवाय खिडकीच्या कोनाड्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात काळवंडलेला कापसाचा बोळा, लिंबाएवढा नवसागराचा खडा आणि बोटभर जाडीच्या पांढऱ्या धातूच्या अडीच कांड्या. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर वळणदार अक्षरात एकच शब्द: 'कथील'.

उमानं सगळं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा सारखं भरलं, तेव्हाच वहीत उतरवलं. मोजल्याशिवाय लिहायचं नाही आणि लिहिल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त तिला याच इमारतीत लागली होती.

कुळगावचं स्वावलंबन कन्या छात्रालय एकोणीसशे एकोणसाठच्या मे अखेरीला बंद व्हायचं होतं. रेक्टर वेणूबाईंनी जुन्या मुलींना पोस्टकार्डं टाकली होती, की आपापली भांडी घेऊन जा. इथं येणाऱ्या प्रत्येक मुलीनं ताट, वाटी, फुलपात्र घरून आणायचं आणि त्यावर नाव कोरून घ्यायचं, असा नियमच होता. उमा आता एकवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आली होती ताट न्यायला. वेणूबाईंनी तिच्या हातात वही दिली आणि म्हणाल्या, "तू मोज. तुझी मोजणी चुकायची नाही."

स्वतःचं ताट तिला सातव्या क्रमांकावर सापडलं. आठव्यावर कोरलं होतं: 'चि. कुमुदिनी हरिचंद्र, १९४८'. ते न्यायला कुणी येणार नव्हतं. कुमुदिनीला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

तेरा पातेली एकात एक घालून ठेवलेली होती. चौदावं मात्र मागे, गोणपाटाखाली पालथं. त्याच्या काठाला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर लाखेचा फुटका ठिपका. बारा वर्षांची असताना हेच पातेलं तिनं सगळ्यांसमोर बोटानं दाखवलं होतं.

तिनं ते उजेडात आणून उलटं केलं. तळाला सुकलेल्या साराच्या काळ्या खपल्या होत्या, त्या नखानं निघाल्या. खाली पिवळं पितळ दिसेल म्हणून ती वाकून पाहत होती. पितळ दिसलं नाही. तळापासून काठापर्यंत करडा-पांढरा थर सलग होता. तिनं रुमालानं पुसून पाहिलं. रुमाल काळा झाला, थर गेला नाही. हिरवा जंग होता, पण तो काठाच्या खाली, बाहेरच्या अंगाला. तिथं कुणाच्याच घरी कल्हई लावत नाहीत.

या पातेल्याला कल्हई नव्हती म्हणून एक बाई तुरुंगात जाऊन आली होती. आणि पातेल्याला कल्हई होती.

२

"अजून बसलीयस? मिळालं ना ताट?" वेणूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पातेल्याकडे नजर गेली तशा त्या थांबल्या. "ते कशाला काढलंस, उमे?"

"हे परत कधी आलं, बाई?"

"कोर्टातनं? झाली चार-पाच वर्षं. मला बघवेना. मी म्हटलं, मोडीत घाला. गुरुजी म्हणाले, असू दे. म्हणून पोत्याखाली ढकललं."

गुरुजी म्हणजे विष्णुपंत. छात्रालयाचे संस्थापक, मुख्याध्यापक आणि विज्ञानाचे मास्तर. त्यांच्या स्वावलंबनाच्या तासाला मुली साबण करत, शाई करत, नवार विणत. कौलं गुरुजी स्वतः शाकारत, चपला शिवत, कंदिलाच्या टाकीला भोक पडलं तर झाळही स्वतःच मारत. मुलींनी रोज संध्याकाळी निरीक्षणवही लिहायची, हाही त्यांचाच दंडक. उमाला ते आवडायचे. सत्तावीस मुलींच्या त्या छात्रालयात 'का' विचारल्यावर न रागावणारं माणूस तेवढंच होतं.

बाकीचं छात्रालय कडक होतं. पहाटे साडेचारला घंटा, विहिरीचं गार पाणी, अक्षर वाईट तर छडी. फी भरणाऱ्या मुलींची पंगत आधी, नादारीच्या मुलींची शेवटी. त्या वर्षी नादारीवर कुमुदिनी एकटीच होती.

पन्नास सालच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी जेवण झाल्यावर तिला झटके आले. आठ मुलींच्या पोटात कळा येत होत्या. डॉक्टर कल्याणहून येईपर्यंत कुमुदिनी गेली होती. डॉक्टरांनी आमसुलाच्या साराचं पातेलं पाहिलं आणि म्हणाले, अन्न कळकलंय. पितळेची कल्हई गेली, त्यात आंबट राहिलं, तर दुसरं काय होणार? पोलिसांनी स्वयंपाकीण बकुळाबाईला पकडलं.

"बकुळा म्हणाली होती, दिवाळीच्या सुट्टीत कल्हई झाली," उमा म्हणाली.

"म्हणाली होती. आणि हिरामण कल्हईवाला म्हणाला, मी दीड वर्षात या आवारात पाऊल टाकलं नाही. दोघांतलं एक खोटं. कोर्टानं बकुळाला खोटं धरलं."

"तुम्ही काय पाहिलंत?"

"मी काय बघणार? सुट्टीत मी पुण्याला भावाकडे, बकुळा तिच्या गावी, मुली घरोघर. गुरुजी तेवढे इथं, त्यांना जायला घर कुठलं! आलो तेव्हा भांडी लखलखत होती, हे मात्र खरं. गुरुजींनी कोर्टात सांगितलं, चिंचेनं घासली तरी भांडी लखलखतात." वेणूबाई खाली बसल्या. "हिरामणचं तू धरून चालू नकोस. एक नंबरचा लबाड. अर्धं कथील खिशात घालायचा."

"आणि नादारीच्या मुली शेवटी का जेवायच्या, बाई?"

वेणूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो माझा नियम होता. का विचारतेस?"

"कुमुदिनीच का गेली, ते अजून मला कळलेलं नाही म्हणून. पातेलं एकच होतं. सार सगळ्यांनी खाल्लं होतं."

"आता कळून काय करायचंय? ती पोर गेली."

"बकुळाबाई आहे अजून," उमा म्हणाली.

३

त्या रात्री घरी उमानं ट्रंकेतून निरीक्षणवही काढली. आपलंच बारा वर्षांचं अक्षर तिनं परक्याचं वाचावं तसं वाचलं.

'१२ डिसेंबर. वर्गात पाच मुलींचे पोट दुखते. परसाकडे होत नाही.'

'५ जानेवारी. कुमुदिनीच्या हिरड्यांवर निळी रेघ आहे. तिला विचारले, शाई प्यायलीस का? ती हसली.'

'२३ जानेवारी. कुमुदिनीचे अक्षर फार बिघडले. टाक धरवत नाही, मनगट खाली पडते. गुरुजींनी तीन छड्या मारल्या.'

'१९ फेब्रुवारी. कुमुदिनीला झटके. कोणीही ओकले नाही.'

शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली. कळकलेलं पोटात गेलं की माणूस तासाभरात ओकतं, हे लहान पोराला ठाऊक असतं. नऊ जणी आजारी पडल्या आणि एकही ओकली नव्हती. तिनं ते लिहून ठेवलं होतं. कोर्टात तिला एवढंच विचारलं गेलं, की पातेल्याला हिरवं दिसलं का? ती म्हणाली, हो. वकील म्हणाले, शाबास. आत की बाहेर, हे कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. समोर बकुळाबाई तिच्याकडे एकटक पाहत उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती मोरिवलीला गेली. गावाच्या अंगावर कारखान्यांच्या भिंती आल्या होत्या. बकुळाबाईचं घर शेवटचं. अंगणात तिची सून बनूबाई मिरच्या वाळत घालत होती.

"सासू मागल्या दारी हाय. पानी मी देते," ती मुद्दाम बजावल्यासारखं म्हणाली. "तिच्या हातचां कोन घेत नाय."

"तुम्ही पण नाही?"

"माज्या पोराला घास भरवायला गेली व्हती येकदा. गावानं आमच्या घरी कार्याला येयाचां बंद केलां. लोकांच्या तोंडाला कोन हात लावनार, ताई? जेलात जाऊन आल्याली बाई. पोरीला इख घातलां म्हंतात."

मागल्या दारी एक वाळकी म्हातारी कोंबड्यांना कण्या टाकत होती. उजवा हात वर उचलायची, पण मनगटापुढचा पंजा तुटल्या फांदीसारखा खाली लोंबायचा. कण्या डाव्या हातानं टाकत होती.

"वळाखलां तुला," ती म्हणाली. "हिरवां बोललेली तू."

उमाला घरून जुळवून आणलेलं एकही वाक्य आठवेना. "मी चुकले, बकुळाबाई."

"चुकलीस कशी? हिरवां व्हतांच. पन भायेर व्हतां. मी सांगलां साह्यबाला. माजां कोन आयकतंय?" ती भिंतीला टेकून बसली. "नऊ वर्सां झाली, बाय. चुलीम्होरं बसलू नाय मी. मरनाच्या आदी येकदा नातवाला माज्या हातची भाकर घालीन, येवढांच मागनां हाय. दुसरां काय नको."

"हाताला काय झालं?"

"ह्यो? जेलात जायाच्या आदीपासनां. हातातनां भांडी पडायची. येनूबाई वरडायच्या, बकुळे, माजलीस का?"

उमा हळूहळू तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुम्ही छात्रालयात जेवायचात कधी?"

"सगल्यांच्या मागनां. मी आन कुमुद. पोरगी येकटीच बसायची, मंग मी तिच्या संगती बसू. सकालचां सार सांजपर्यंत पातेल्यातच आसायचां. तळाचां आमा दोगींना. तिला आंबट लय आवडायचां. पातेलां वाकडां करून प्यायची."

कोंबड्या दाणे टिपत राहिल्या. उमाच्या डोक्यात दोन मनगटं शेजारी शेजारी येऊन बसली, एक म्हातारीचं, एक टाक न धरवणाऱ्या मुलीचं. पातेलं एक, सार एक. पण बाकीच्या सव्वीस मुली वरचं ताजं जेवल्या आणि या दोघी दिवसभर मुरलेलं, तळाचं, चार महिने रोज. जी बाई विष घालते, किंवा बेफिकिरीनं राहू देते, ती स्वतः तेच विष मुलीच्या ताटाला ताट लावून चार महिने खाईल का?

तिनं पर्समधून कालचा रुमाल काढला. पातेलं पुसताना लागलेला डाग बोटानं चोळला. शिसपेन्सिलीसारखा काळसर, मऊ डाग. कथिलाचा असा डाग पडत नाही.

हिरडीवर निळी रेघ. परसाकडे न होणं. मनगट लोंबणं. झटके. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे चारही एका पानावर होते.

"बकुळाबाई," ती म्हणाली, "कल्हई झाली होती. तुम्ही खरं बोललात. पण ती कल्हई कथिलाची नव्हती. शिसं होतं तिच्यात."

म्हातारीला शिसं कळलं नाही. 'खरं बोललात' एवढं मात्र कळलं. तिनं तोंड फिरवलं.

४

हिरामण अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर बसायचा. जमिनीत खळगा, भाता, बाजूला चिंधीवर राखेनं घासलेल्या परातींची रांग. उमानं कारखान्यातून सुटल्यावर त्याला गाठलं. लबाड म्हणून ऐकलेला माणूस बघून ठेवावा, तसं तिनं आधी लांबून त्याचं काम बघितलं. भांडं तापलं की तो कथिलाची कांडी फिरवायचा, कापसाच्या बोळ्यानं नवसागर मारायचा. पांढरा धूर उठायचा आणि पितळ क्षणात चांदी व्हायचं.

कापसाचा बोळा, नवसागर, कांडी. कोनाड्यातला डबा तिला आठवला. ती पुढे झाली.

"छात्रालयाची कल्हई एकोणपन्नासच्या दिवाळीत तुम्ही केलीत. शिसं मिसळून."

त्यानं भाता थांबवला. "कोन म्हनतो? त्या वेणूबाई? आमच्या जातभाईंत शिसं लावणारा मानूस एका दिवसात उठवतात, ताई. कथील चोरलं असंल चिमूटभर, ते मी नाही म्हणत नाही. पण शिसं! पोरंबाळं जेवतात त्यात."

"मग शिसं होतं हे ऐकून तुम्ही दचकला का नाहीत?"

हिरामणनं भात्याचा दांडा खाली ठेवला. मग हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "हुशार हायेस. गुरुजींची पोरगी शोभतेस."

"तुम्हाला माहीत होतं."

"नंतर कळलं. पोरगी गेली, त्यानंतर होळीच्या तोंडावर गुरुजींनी मला बोलावलं. तेरा पातेली होती. म्हनाले, सगळी खरवडून पुन्हा कर. चौदावं पोलिसांकडं होतं. मी खरवडायला घेतलं तर काय, कथील निघतं कडक, हे निघालं लोण्यासारखं मऊ, हात काळे. मी म्हटलं, गुरुजी, ही कल्हई नव्हं, झाळ हाय. निम्मं शिसं. डबे सांधायचा माल. कोन्या गाढवानं लावली?"

"गुरुजी काय म्हणाले?"

"उभे होते ते पायरीवर बसले. मग स्वतः चहा करून दिला मला."

"निकाल कधी लागला बकुळाबाईचा?"

"पेरण्या झाल्या होत्या तवा."

"म्हणजे तीन-चार महिन्यांनी. तुम्ही कोर्टात का बोलला नाहीत?"

"कोर्टानं इचारलं, तू केलीस का कल्हई? मी म्हटलं, नाही. खरं तेच. मग कोन केली, असं कोनी इचारलंच नाही." त्यानं कांडी राखेत खुपसली. "आनि मी काय सांगणार होतो? गुरुजींसारख्या देवमाणसाचं नाव कल्हईवाल्यानं घ्यायचं? तोंडावर थुंकले असते लोक."

एक बाई म्हणाली कल्हई झाली. एक माणूस म्हणाला मी केली नाही. दोघं खरं बोलत होते. दिवाळीच्या सुट्टीत छात्रालयात राहिलेलं माणूस एकच होतं.

५

विष्णुपंत मागच्या खोलीत राहत. खोलीत खाट, पुस्तकं आणि काचेच्या पेटीतला तराजू. याच तराजूवर उमा पहिल्यांदा कशाचं तरी वजन करायला शिकली होती. कुमुदिनीच्या आणि तिच्या केसाच्या रिबिनीचं. कुमुदिनीची जड भरली होती, कारण ती ओली होती.

"ये. झाली मोजणी?"

"झाली. चौऱ्याण्णव."

"डबा धरलास?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "कोनाड्यातला?"

"वेगळा लिहिलाय."

"बरोबर. भांडं नाही ते." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "नऊ वर्षं तो तिथंच आहे. मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी झाकण उघडेल. मोलकरीण, वेणूबाई. मग म्हटलं, उघडलं तरी तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही."

उमाला बसायचं होतं, पण ती उभीच राहिली. "पातेलंही म्हणूनच मोडीत दिलं नाहीत?"

"टाकायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही झालं नाही. असं समज." ते खिडकीकडे बघत बोलू लागले. "कथील मिळत नव्हतं तेव्हा. युद्ध संपलेलं, सगळीकडे टंचाई. कल्याण कॅम्पात लष्कराचं भंगार विकायला असायचं. तिथं कांड्या दिसल्या. मी तपासल्या. पांढऱ्या होत्या. लवकर वितळल्या. पितळेवर चकचकीत बसल्या. तीन गुण जुळले. चौथा पाहिला नाही. हिरामणला बोलवायचं नाही, आपल्या हातानं करायचं. स्वावलंबन! दिवाळीचे चार दिवस खपून चौदा भांडी केली मी. मुली आल्यावर सांगणार होतो. मग वाटलं, सांगायचं कशाला, आपलं कौतुक आपण कशाला करा."

"आणि चिंच, गुरुजी? कोर्टात सांगितलंत ती?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "ते खोटं नव्हतं. चिंचेनं भांडी लखलखतात."

"माझं हिरवंही खोटं नव्हतं."

मग गुरुजी म्हणाले, "हिरामणनं सांगितलं त्या दिवशी मी कोर्टात जायला निघालो होतो. स्टेशनपर्यंत गेलो. हे बंद पडलं असतं, उमा. इथं पंचक्रोशीत मुलींना शिकायला दुसरी जागा नव्हती. तू कुठं असतीस? चूल फुंकत. एका बाजूला एक बाई, सहा महिन्यांची कैद. दुसऱ्या बाजूला सव्वीस मुली. मी तोलून पाहिलं."

"कशात तोललंत?" उमानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "सहा महिने तुम्ही धरलेत. सुटून आल्यावरची आठ वर्षं पारड्यात घातलीत का? तिच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नाही. तिचा नातू तिच्या हातचा घास खात नाही. तिचा उजवा हात लुळा आहे, गुरुजी, कारण तीही तेच सार प्यायची. कुमुदिनीबरोबर. शेवटच्या पंगतीला."

"लुळा?" हे त्यांना नवीन होतं.

उमानं निरीक्षणवही उघडून तेवीस जानेवारीचं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. अक्षर बिघडले. मनगट खाली पडते. तीन छड्या. वहीच्या समासात लाल शाईत त्यांचीच बारीक सही होती, तपासल्याची.

त्यांनी सहीवरून बोट फिरवलं.

"मी वाचलं होतं हे," ते म्हणाले. "सही आहे. मी वाचलं होतं."

त्यांनी स्वतःच कागद ओढला, टाक बुडवला आणि लिहायला लागले. वळणदार अक्षर, डब्यावरचंच. उमा उभी होती तिथून तिला ओळी दिसत होत्या: 'मी, विष्णुपंत, शपथेवर लिहून देतो की आश्विन-कार्तिकाच्या सुट्टीत चौदा भांड्यांस कल्हई मी स्वतः केली. बकुळाबाई यांचा काही दोष नाही. सत्य कळल्यावरही मी गप्प राहिलो.' त्याखाली दोन ओळी लिहिल्या आणि दोन्ही ओळींत शेवटी जागा कोरी सोडली.

"शिशाचा आकडा मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "अंदाजानं लिहिणार नाही. तू काढ आणि भर."

"सही नंतर कराल?"

"आताच करतो. तू मोजशील ते बरोबरच असेल." सही करून त्यांनी दुसरा कागद घेतला. "ही प्रत पोलिसांना. ती मी स्वतः नेऊन देतो. या खेपेस स्टेशनवरून परत येणार नाही."

६

कारखान्याच्या प्रयोगशाळेत पातेल्याच्या तळाचा थर तिनं कानशीनं खरवडला, डब्यातल्या कांडीचा एक तुकडा कापला. दोन्हींचं चार दशांश स्थळांपर्यंत वजन केलं आणि नायट्रिक आम्लात टाकलं. कथील पांढरा साका होऊन तळाशी बसलं. वरचं पाणी गाळून त्यात तिनं गंधकाम्लाचे थेंब सोडले. नितळ पाणी दुधासारखं झालं. गाळायला, वाळवायला, पुन्हा तोलायला तीन दिवस गेले. आकडे तिनं वहीत लिहिले आणि वही मिटली.

रविवारी ती मोरिवलीला गेली. बकुळाबाईच्या अंगणात तिनं गुरुजींचा कागद मोठ्यानं वाचला. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. बनूबाई परात मांडीशी घेऊन पीठ मळत होती, ती मळायची थांबली.

"म्हंजे गुरजीनं केलां?" बनूबाईनं विचारलं. "आन सासू जेलात?"

"हो."

"आन हितां लिवलांय, हिचा दोस नाय?"

"लिहिलंय. खाली सही आहे."

बनूबाईनं शेजारणींकडे पाहिलं, मग सासूकडे. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, लोंबता पंजा मांडीवर डाव्या हाताखाली झाकलेला. बनूबाई उठली. तिनं पिठाची परात उचलून चुलीपुढं ठेवली आणि पाट सरकवला.

"आत्याबाय, बसा. मला पानी आनायचां हाय," ती म्हणाली आणि रिकामी कळशी घेऊन विहिरीकडे गेली. घरात दिवसाचं पाणी सकाळीच भरून झालं होतं.

बकुळाबाईनं भाकरी डाव्या हातानं थापली. उजव्याचा नुसता आधार दिला. ती गोल झाली नाही, एका कडेला जाड राहिली. भाजल्यावर तिनं भाकरीचे दोन तुकडे केले. एक दाराआडून बघणाऱ्या नातवाकडे धरला, एक उमाकडे. नातू विहिरीच्या वाटेकडे बघून पुढं आला.

उमानं भाकरी खाल्ली. हात धुतले. मग कागद गुडघ्यावर ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि दोन्ही ओळी पुऱ्या केल्या.

'पातेल्याच्या कल्हईत शिसे: शेकडा ४८.६.

कथील म्हणून ठेवलेल्या कांडीत शिसे: शेकडा ४९.२.'